निविदा माफ, कागद साफ

आपल्याकडच्या कायद्यांत सरकारी अधिकाऱ्यावर माया करणारी कलमं मोजकीच. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 मधलं कलम 50 त्यांतलं एक. आपत्ती आली की खात्याला तातडीच्या खरेदीची परवानगी देता येते, आणि ती दिली की निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असं समजायचं, असं ते सांगतं. इथवर भांडणाचं कारण नाही. सांगलीत पाणी चढत असताना ‘होड्यांसाठी तीन आठवड्यांच्या मुदतीत दर मागवण्यात येत आहेत’ अशी जाहिरात देणारा अधिकारी कुणालाच नको.

पण कलम तिथं थांबत नाही. पुढच्याच ओळीत म्हणतं की, आणलेला माल वापरला गेला असं नियंत्रक अधिकाऱ्यानं प्रमाणपत्र दिलं, की हिशेबासाठी तेच वैध व्हाउचर. झालं. निविदा माफ आणि पावतीही घरचीच. मार्च 2020 मध्ये या कायद्याचा देशभर वापर सुरू झाला आणि कार्यालयाकार्यालयांत एकच मंत्र सुरू झाला: आधी माल आणा, मंजुरी मागून घेऊ. ही मागून घ्यायची मंजुरी म्हणजे कार्योत्तर मंजुरी. वरातीमागून घोडं निघालं की आपण हसतो. सरकारात त्याला जावक क्रमांक मिळतो.

आता कुणी म्हणेल, नेहमीच्या दिवसांत निविदा काढून तरी काय दिवे लागतात? प्रश्न रास्त आहे. छोट्या खरेदीची नस्ती ज्यानं कधी उघडून पाहिली असेल त्याला तीन दरपत्रकांचं कवतिक सांगायला नको. लेटरहेड तीन, सह्या तीन, शिक्के तीन; फॉन्ट मात्र एकच, आणि ‘डिलिव्हरी’तली वेलांटी तिन्हीकडे त्याच जागी चुकलेली. तिघांपैकी दोघं हरायलाच आलेले असतात आणि छान हरतात. तेव्हा निविदेचे गोडवे गायला हे सदर बसलेलं नाही. घाईत निविदा जरूर सोडा. पण हाच पुरवठादार का, हाच दर का, आणि याचं नाव सुचवलं कुणी, या तीन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. महामारीच्या दोन वर्षांत ही पाच मिनिटं फार थोड्यांना सापडली.

एप्रिल 2020 ची गोष्ट घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, म्हणजे आयसीएमआरला, रक्ताच्या थेंबावरून प्रतिपिंडं शोधणारे रॅपिड किट हवे होते. माल चीनमधल्या ग्वांगझौच्या वोंडफो कंपनीचा. थेट कंपनीकडून घेऊन पाहिलं. तिची अट, पूर्ण पैसे आधी टाका, आणि माल तिथून हलवायचं तुमचं तुम्ही बघा. मग इथल्या विक्रेत्यांकडून दर मागवले. चार आले: 1204, 1200, 844 आणि 600 रुपये. चारांत कमी 600. सरकारी बोलीत एल-वन. एल-वन हातात आला की खरेदी अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जी शांती पसरते ती हिमालयात जाऊनही मिळायची नाही. ऑर्डर गेली पाच लाख किटची.

पुढचं जे उघडकीला आलं ते कुठल्या दक्षता पथकानं शोधलेलं नाही. माल आयात करणारा आणि वितरक यांचंच आपसात फाटलं. भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि कागदपत्रांतून आकडा बाहेर पडला: किट भारतात उतरेपर्यंतचा खर्च 245 रुपये. सरकारला लावलेला भाव 600. न्यायालयानं 400 ही कमाल किंमत ठरवून दिली. म्हणजे किटमागं 155 रुपये सुटतात, साथीच्या दिवसांत तेवढे पुरेत. दोघं व्यापारी गोडीगुलाबीनं नांदले असते तर 600 हाच बाजारभाव असं आपण आजही धरून चाललो असतो. लोकशाहीचे चार खांब आपण शाळेत पाठ केले. पाचवा, म्हणजे धंद्यातलं भांडण, पुस्तकात यायचा राहून गेला.

त्याच सुमारास छत्तीसगडनं एका कोरियन कंपनीच्या हरियाणातल्या कारखान्यातून 75,000 किट घेतले. कंपनी वेगळी, काम तेच. दर 337 रुपये अधिक जीएसटी. दिल्लीहून रायपूरला फोन लावायला आता ट्रंककॉल बुक करावा लागत नाही. पण एल-वन मिळाल्यावर फोन करतो कोण? आपल्या दारात जे चार आले त्यांत स्वस्त कोण, एवढंच एल-वन सांगतो. पाचवा दारात का आला नाही, हे तो कधीच सांगत नाही.

बरं, किट चालले का? राजस्थाननं पडताळून पाहिलं तर अचूकता निघाली 5.4 टक्के. फूटपाथवरच्या ज्योतिषाचा पोपट याहून बरी पत्ती काढतो. 27 एप्रिलला परिषदेनं राज्यांना कळवलं: वापर थांबवा, किट परत करा. ऑर्डर रद्द झाली. सरकार म्हणालं, आगाऊ पैसे दिलेच नव्हते, त्यामुळे एक रुपयाही बुडालेला नाही. हे खरं आहे आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. आगाऊ रक्कम गेली असती तर तिच्यामागं ग्वांगझौपर्यंत धावावं लागलं असतं. फक्त, चाचण्यांवाचून जे दिवस गेले त्यांचं बिल कुठल्याच लेखाशीर्षात पडत नाही, म्हणून ते कुणी लावलेलं नाही.

‘आपल्याकडेच हे असं’ म्हणून हळहळणारी एक जमात आहे. तिच्यासाठी लंडन.

ब्रिटनमध्ये 2020 च्या वसंतात डॉक्टर-परिचारिकांना गाऊन, मास्क, हातमोजे मिळेनात. हजारोंनी पुरवठादार धावून आले. कुणाचं ऐकायचं? सरकारनं दोन रांगा केल्या. मंत्री, खासदार, लॉर्ड, वरिष्ठ अधिकारी यांनी ज्यांचं नाव सुचवलं त्यांची एक, आणि उरलेल्यांची दुसरी. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं हिशेब मांडला: पहिल्या रांगेतल्या दहांतल्या एकाला कंत्राट मिळालं, दुसऱ्या रांगेत शंभरांत एकालाही धड नाही. आपल्याकडे याला ‘साहेबांचा माणूस’ म्हणतात आणि तो मागच्या दारानं येतो. इंग्रजांनी त्याच्यासाठी स्वतंत्र ईमेल पत्ता उघडला. माणूस तोच, शिस्त वेगळी. जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ही खास रांग बेकायदा ठरवली. त्याआधी फेब्रुवारी 2021 मध्येच न्यायालयानं आरोग्यमंत्र्यांच्या खात्याला फटकारलं होतं, कंत्राटं 30 दिवसांत जाहीर करायची असतात, ती केली नाहीत म्हणून. तिथंही कागद उशिराच निघाला. पण निघाला.

त्यांच्या खरेदीतला एकच नमुना जवळून पाहू. एका गुंतवणूक कंपनीला एप्रिल 2020 मध्ये सुमारे 25 कोटी पौंडांचं कंत्राट मिळालं. तिनं पाठवलेल्या मास्कपैकी पाच कोटी मास्क गोदामात पडून राहिले. कापड ठीक, शिलाई ठीक, गाळणी ठीक, दोरी चुकली. मास्क कानांना अडकवायचा होता आणि रुग्णालयांना हवा होता डोक्यामागून ताणून बसवायचा. कानाच्या दोरीनं तो चेहऱ्याला घट्ट चिकटेल याची खात्री नाही, आणि न चिकटणारा मास्क अतिदक्षता विभागात घालणं म्हणजे विषाणूला चहाला बोलावणं. कंपनीचं म्हणणं, आम्ही विनिर्देशाप्रमाणेच दिलं. पाच कोटी मास्क आणि वाद कशावरून, तर दोरी कुठं असावी. आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला ऑर्डरपूर्वी नमुना हातात दिला असता तर तिनं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण नमुना सिस्टरला दाखवायची रीत ना तिथं, ना इथं. नमुना दाखवायचा तो खरेदी समितीला, आणि समितीतलं कुणी मास्क लावून बारा तास काढत नाही.

दुसऱ्या एका कंपनीनं दिलेले अडीच कोटी गाऊन निर्जंतुक असल्याची खात्री पटेना. खटला चालला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये उच्च न्यायालयानं 12 कोटी 20 लाख पौंड सरकारला परत करा असा निकाल दिला. निकालाच्या तोंडावर कंपनी प्रशासकाच्या हवाली करायची तयारी झालेली होती. आता वसुली करा म्हणावं. साथ संपून, नवं सरकार येऊन, जुने मंत्री आत्मचरित्रं लिहून मोकळे झाले, आणि गाऊनचे पैसे अजून वाटेत. सगळं मिळून ब्रिटननं 2020-21 मध्ये या संरक्षक साहित्यावर बारा अब्ज पौंडांवर खर्च केला आणि त्यातल्या 8.7 अब्जांचं मूल्य पुस्तकातून उडवलं. काही माल निकामी, काही मुदतबाह्य, आणि बराचसा बाजार उतरल्यावर मातीमोल झालेला. मृतदेह ठेवायच्या पिशव्यांचा भाव तर लेखापरीक्षकांच्या नोंदीप्रमाणे आधीच्या वर्षापेक्षा 1310 टक्के चढला होता.

पिशव्यांवरून आपण मुंबईत येतो.

मुंबई महापालिकेनं साथीत घेतलेल्या मृतदेहांच्या पिशव्यांवरून गुन्हा दाखल झाला. तपास यंत्रणांचा आरोप असा की, दोन हजारांची पिशवी 6,800 रुपयांना घेतली. दुसरा आरोप खिचडीचा. अडकून पडलेल्या मजुरांना माणशी 300 ग्रॅमचं पाकीट द्यायचं ठरलं होतं, हातात पडली 100-200 ग्रॅम, असं फिर्याद म्हणते. दोषी कोण हे न्यायालय ठरवील, सदर नाही ठरवणार. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. लंडनमध्ये त्याच काळात पिशवीचा भाव चौदापट झाला होता. म्हणजे 6,800 हा त्या आठवड्यातला खराच बाजारभाव असू शकतो आणि सरळ लूटही असू शकते. दोन्हींतलं काय, हे आज पाच-सहा वर्षांनी देवालाही सांगता येणार नाही. सांगू शकते ती फक्त त्या दिवशी लिहिलेली टिपणी. अमुक पाच जणांना विचारलं, तिघांकडे माल नव्हता, चौथा आठ दिवसांनी देतो म्हणाला, पाचवा आज देतो म्हणाला, म्हणून त्याला दिलं. एवढी टिपणी असेल तर 6,800 सुद्धा पचतात. नसेल तर दोन हजारही संशयास्पद.

मग टिपणी आहे का? विचारायला नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपले कॅग, आले होते. मार्च 2023 मध्ये विधिमंडळात मांडलेल्या त्यांच्या खास अहवालात महापालिकेच्या सुमारे 12,000 कोटींच्या कामांची झडती आहे. कोविडवरच्या साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची मात्र नाही. महापालिकेनं ती कागदपत्रं द्यायला नकार दिला. कारण? साथरोग कायदा, 1897 आणि आपला लाडका आपत्ती व्यवस्थापन कायदा. रँडसाहेबाच्या प्लेगच्या काळात इंग्रजांनी जो कायदा केला तो सव्वाशे वर्षांनी मुंबईत हिशेबाच्या वहीला कुलूप लावायला कामी आला. चापेकर बंधूंना हे कळलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. निविदा माफ असल्याचं कलम वाचलेले पुष्कळ भेटतात. त्याच कायद्यात लेखापरीक्षण माफ असल्याचं कलम कुठं आहे, ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

आता केरळ पाहा. तिथल्या औषध खरेदी महामंडळानं मार्च 2020 मध्ये एका कंपनीकडून पीपीई किट 1,550 रुपयांनी घेतले. त्याच्या दोनच दिवस आधीचा दुसऱ्यांचा दर होता साडेपाचशेच्या आसपास. जानेवारी 2025 मध्ये कॅगनं हे पुढं आणलं आणि 10 कोटी 23 लाखांचा जादा खर्च दाखवला. विरोधकांनी बोंब मारली. तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांचं उत्तर असं की, स्वस्तवाल्यांकडून माल येत नव्हता, डॉक्टर उघडे पडले होते, म्हणून महागातला थोडा घेतला. हे उत्तर पटो न पटो, वाद घालायला काहीतरी आहे. तारीख आहे, दर आहे, नग आहेत, नाव आहे. मंत्रीबाईंना त्यांची बाजू मांडता आली, विरोधकांना त्यांची. मुंबईत मात्र सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर जे फेकतात ते बहुतेक अंधारातलं. कागद प्रामाणिक माणसाला वाचवतो ही साधी गोष्ट आपल्या प्रशासनाच्या डोक्यात उलटी बसली आहे: कागद नसेल तर कुणी पकडत नाही. पकडतात. फक्त ज्याला पकडायला नको होतं त्याला पकडतात. ज्यानं रात्री अकरा वाजता निर्णय घेऊन ऑक्सिजन मिळवला तो चार वर्षांनी नोटिशीला उत्तरं लिहीत बसतो. आणि ज्यानं ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून नस्ती खाली पाठवली तो सन्मानानं निवृत्त होतो, शाल-श्रीफळासकट.

घाईचं पुरे झालं, आता दिरंगाईकडे वळू. लसीची खरेदी हा घाईचा दोष नव्हे.

ब्रिटिश सरकारला मास्कची दोरी कळली नाही, हे आपण पाहिलंच. पण लसीसाठी त्याच सरकारनं औषध उद्योगात पैसा गुंतवण्यात आयुष्य घालवलेली बाई, केट बिंगहॅम, कृती दलाच्या डोक्यावर बसवली. मे 2020 मध्येच ऑक्सफर्डच्या लसीचे दहा कोटी डोस राखून ठेवले. पुढं सात वेगवेगळ्या लसींवर पैसे लावले, त्यातल्या काही बुडणार हे गृहीत धरून. आपल्याकडे? तीच ऑक्सफर्डची लस पुण्यात, हडपसरच्या पुढं, मांजरीला बनत होती. ती बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटला केंद्र सरकारची पहिली ऑर्डर गेली 11 जानेवारी 2021 ला. एक कोटी दहा लाख डोसची. लसीकरण सुरू व्हायचं होतं 16 तारखेला. कारखाना घरात असूनही आपण गिऱ्हाईक म्हणून रांगेत शेवटी. लस बुडाली असती तर आगाऊ दिलेल्या पैशांचं काय, ही भीती. आपल्या वित्त विभागात पैसा बुडाला तर चौकशी होते. माणसं गेली तर दोन मिनिटं शांतता पाळतात.

मग आली एप्रिल-मेची लाट, आणि 1 मेपासून केंद्रानं राज्यांना सांगितलं, 18 ते 44 वयोगटासाठी तुमची लस तुम्ही घ्या. त्याच बाटलीतला तोच डोस: केंद्राला 150 रुपये, राज्यांना 300 (आधी सांगितले होते 400), खासगी रुग्णालयांना 600. एका घरातल्या पाच जणांनी पाच पिशव्या घेऊन एकाच भाजीवालीपुढं उभं राहायचं आणि एकमेकांवर भाव चढवायचा, हे धोरण आपण कागदावर उतरवलं आणि त्याला ‘उदार’ असं नाव दिलं. भाजीवालीला दोष देण्यात अर्थ नाही. अशी गिऱ्हाइकं तिला पुन्हा कधी मिळायची?

मुंबई महापालिकेनं 12 मे रोजी एक कोटी डोससाठी जागतिक निविदा काढली. जागतिक! नालेसफाईची निविदा काढणाऱ्या कार्यालयातून. मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. आले ते मधले पुरवठादार. कुणाकडे कंपनीचं पत्र नाही, कुणाकडे साठ्याचा पुरावा नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे बाद. तिकडे पंजाबला मॉडर्नानं सरळ कळवलं, आम्ही फक्त देशाच्या सरकारशी बोलतो. दिल्लीच्या राज्य सरकारलाही हाच निरोप. जगातल्या कंपन्यांना संघराज्याची घटना पाठ होती. विसरलं होतं ते केंद्र सरकार. सर्वोच्च न्यायालयानं 18 ते 44 वयोगटाला पैसे मोजायला लावणारं हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन असल्याचं म्हटलं. 7 जूनला पंतप्रधानांनी जाहीर केलं की 21 तारखेपासून 75 टक्के लस केंद्रच घेईल. सहा-सात आठवडे गेले. अडला हरी म्हणजे काय, ते देशातल्या मुख्यमंत्र्यांना विचारा. त्या महिन्यात सगळ्यांनी सगळ्यांचे पाय धरून झाले.

राहता राहिलं खरेदीनंतरचं. त्याची कुणालाच हौस नाही, कारण त्याचं उद्घाटन होत नाही.

मे 2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून 2,000 कोटींचे 50,000 देशी व्हेंटिलेटर घ्यायचं जाहीर झालं. देशी असणं वाईट नव्हे. तेव्हा परदेशी मिळतच नव्हते. पुढच्या मेमध्ये देशी व्हेंटिलेटरचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं आलं. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्राकडून 150 यंत्रं आली होती. त्यांतली वापरायला काढलेली 113 सदोष निघाल्याची तक्रार, 37 खोक्यांतच. केंद्राचं म्हणणं, रुग्णालयात सोयी नाहीत, माणसं प्रशिक्षित नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, रुग्णाला लावलं की मध्येच प्राणवायूचा दाब घसरतो. न्यायालय चिडलं आणि ही एकमेकांवरची ढकलाढकल थांबवा म्हणालं. पण ढकलाढकल व्हायचीच. घेणारा दिल्लीत, बनवणारा राजकोटला, वापरणारा मराठवाड्यात, आणि पीएम केअर्स निधी तर सरकारी नव्हेच, अशी दिल्ली उच्च न्यायालयात पंतप्रधान कार्यालयाचीच भूमिका. तो माहिती अधिकारात येत नाही, कॅगही तो तपासत नाही. मग बिघडलेलं यंत्र घेऊन रात्री अडीच वाजता भूलतज्ज्ञानं कुणाचं दार ठोठावायचं? खरेदीपत्रात ‘बसवून, चालवून, शिकवून आणि चोवीस तासांत दुरुस्त करून’ हे असतं आणि शेवटचा हप्ता त्यावर अडकवलेला असतो, तेव्हा राजकोटचा माणूस मराठवाड्यात आपण होऊन येतो. नसतं तेव्हा न्यायमूर्तींना बोलवावं लागतं.

यातलं काही रॉकेट शास्त्र नव्हे, आणि नवीनही नव्हे. तमिळनाडूनं 1994 मध्ये औषध खरेदीचं महामंडळ काढलं. वर्षभराचे दरकरार आधीच झालेले. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक. त्याच्या वाट्याचं बजेट त्यात, औषध नेलं की रक्कम वजा. आलेल्या मालाचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांत जातात आणि पास झाल्याशिवाय पुरवठादाराला पैसे नाहीत. साथ आली की हीच यंत्रणा जोरात चालवायची. नवीन काही शोधायचं नाही. महाराष्ट्रानं काय केलं? 2017 मध्ये राज्याची औषध खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली, म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष आणि पोलिओची लस बनवण्यात ज्यांनी नाव कमावलं त्यांना बाजारहाटाला पाठवलं. निधी पडून आणि रुग्णालयात गोळ्या नाहीत, ही ओरड वर्षानुवर्षं झाल्यावर 2023 मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. तमिळनाडूच्या मागून 29 वर्षांनी. आपण पुरोगामी आहोत, आपल्याला घाई नसते.

युक्रेन तर भ्रष्टाचारात नावाजलेला. पण साथीत त्यांनी निविदा माफ करताना अट घातली: खरेदी झाली की करार आणि नगाचा दर लगेच उघड्या पोर्टलवर टाकायचा. मग पत्रकार आणि संस्था बसल्या घरी दर ताडून बघू लागल्या. आपल्याकडे सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आहे, निविदांचं महाटेंडर्स आहे, संगणक आहेत, ते चालवणारी पोरंही आहेत. साथीतल्या खरेदीचं एक पान लावायला किती खर्च येतो? त्याची निविदा काढायचीही गरज नाही.

तोपर्यंत वाचकांच्या हाताशी एकच साधन आहे. साधा कागद घ्या, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, आणि आपल्या नगरपरिषदेच्या, महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा: मार्च 2020 ते मार्च 2022 या काळात निविदेविना घेतलेल्या वस्तू, नग, नगाचा दर, पुरवठादाराचं नाव, आणि त्याचं नाव कुणी सुचवलं त्या टिपणीची प्रत. ‘टिपणी उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेच लेखी मागून घ्या. तोही पुरावाच आहे. 30 दिवसांत उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आलं नाही तर पहिलं अपील करा. महाराष्ट्रात त्याला वीस रुपये लागतात.